आधी फूटपाथ, मग रस्ता

आपल्याकडे रस्त्याची आखणी मधोमध सुरू होते. आधी डिव्हायडर, त्याच्या दोन्ही अंगांना गाड्यांसाठी साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोन किंवा तीन मार्गिका, मग पार्किंग, मग पावसाळी गटार. एवढं सगळं झाल्यावर कंपाउंडच्या भिंतीपर्यंत जे उरेल त्याला फूटपाथ म्हणायचं. कुठे दोन मीटर उरतात, कुठे दोन फूट, आणि जिथे एखादा जुना वाडा किंवा देऊळ पुढे आलेलं असतं तिथे काहीच उरत नाही. त्या उरलेल्या पट्ट्यातच मग झाडाचा पार, विजेचा खांब, महावितरणचा डीपी, केबलवाल्यांचे खोके, बसथांबा आणि नगरसेवकाच्या नावाचा बाक यांची सोय लावली जाते. माणसाने चालायचं कुठून, हा प्रश्न येईपर्यंत नकाशावर जागा संपलेली असते.

शहरातला रस्ता सुरक्षित आणि सगळ्यांना वापरता येईल असा कसा करावा, यावर गेल्या पन्नास वर्षांत जगभर पुष्कळ काम झालं आहे. आपल्याकडेही मार्गदर्शक पुस्तिका आहेत, कायदे आहेत, न्यायालयांचे निकाल आहेत. पुण्यासारख्या शहरात तर धोरणही आहे. ज्ञान कमी पडलेलं नाही. हा आखणीचा क्रम मात्र बदललेला नाही, आणि माझ्या मते बहुतेक दुखणी तिथूनच निघतात.

त्याची किंमत काय, ते आधी पाहू. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती आणि ३२,८२५ पायी चालत होती. दोन्ही मिळून ६४ टक्के. पायी चालणारे रोज सरासरी नव्वद. यात महामार्गावरचे अपघातही आले हे खरं, पण आपले महामार्ग गावांच्या आणि उपनगरांच्या पोटातून जातात. पुण्यात कात्रजपासून वाकडपर्यंतच्या बाह्यवळणाला आता बाह्य म्हणण्यात अर्थ राहिलेला नाही. महाराष्ट्राचा त्या वर्षीचा आकडा १५,२२४. अहवालात कारणांच्या रकान्यात सत्तर टक्क्यांहून अधिक अपघातांपुढे भरधाव वेग असं लिहिलेलं आहे. पंचनाम्यात चालक दोषी ठरतो, कधी पादचारीही ठरतो. पण शहराच्या भरवस्तीत रस्ता सरळ, रुंद आणि गुळगुळीत करून चालकाला वेगाचं आमंत्रण कोणी दिलं, हे पंचनामा विचारत नाही.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला. माणूस चुकणार हे गृहीत धरा, आणि त्याच्या चुकीची शिक्षा मृत्यू असणार नाही असा रस्ता बांधा, अशी भूमिका तिथे धोरण म्हणून मान्य झाली. जगात ती ‘व्हिजन झीरो’ म्हणून ओळखली जाते. ओस्लो शहरात २०१९ या पूर्ण वर्षात एकही पादचारी किंवा सायकलस्वार अपघातात गेला नाही. हेलसिंकीने २०२५ च्या जुलैमध्ये जाहीर केलं की मागच्या बारा महिन्यांत शहरात एकही रस्तेबळी नाही. तिथे निम्म्याहून अधिक रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे.

तीसच का, याचं गणित सोपं आहे. समोर मूल आलं हे दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. तिशीच्या वेगात त्या सेकंदात गाडी आठ मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी पाचेक मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण तेरा. पन्नाशीच्या वेगात हाच हिशेब अठ्ठावीस मीटरचा होतो. वेग दुपटीनेही वाढलेला नसतो, थांबायचं अंतर मात्र दुपटीहून जास्त होतं. धडक बसलीच तर काय, याचाही अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या अपघातांच्या नोंदींवरून काढलेल्या एका नावाजलेल्या निष्कर्षानुसार गाडीचा वेग ३७ च्या आसपास असेल तर धडक बसलेल्या पादचाऱ्याचा मृत्यू होण्याची शक्यता दहा टक्के, ५१ ला पंचवीस टक्के आणि ६८ ला पन्नास टक्के असते. म्हातारी माणसं याहून कमी वेगातच दगावतात. आणि आपल्या केंद्र सरकारच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत महापालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारींसाठी कमाल वेग किती? ताशी ७०. दुचाकींसाठी ६०. राज्यांना तो कमी करता येतो, तशी मुभा आहे. पॅरिसने २०२१ मध्ये बहुतेक सगळं शहर तिशीवर आणलं, वेल्सने २०२३ मध्ये वस्तीतल्या रस्त्यांची मर्यादा ताशी २० मैल केली. आपल्याकडे शाळेसमोर ‘वाहने सावकाश चालवा’ असा फलक लागतो.

फलकाने वेग कमी होत नाही. तो रस्त्याच्या अंगानेच कमी व्हावा लागतो. मार्गिका साडेतीनऐवजी तीन मीटरची केली की चालक आपोआप जपून चालवतो. चौकातला कोपरा ऐसपैस गोलाई देऊन बांधला की गाडी वळताना वेग सोडत नाही. तोच कोपरा आटोपशीर केला की तिला सोडावाच लागतो, शिवाय रस्ता ओलांडायचं अंतर दोन-चार मीटरने कमी होतं. ‘फ्री लेफ्ट’ बंद केला तर झेब्रा क्रॉसिंगवर उभ्या असलेल्या माणसाला निदान एका बाजूची भीती उरत नाही. ओलांडायची जागाच फूटपाथच्या उंचीला उचलून घेतली की ती एकाच वेळी गतिरोधकही होते आणि पायवाटही. यांतल्या कुठल्याच कामाला उड्डाणपुलाचा पैसा लागत नाही; कदाचित म्हणूनच त्यांचं उद्घाटन करायला कोणी येत नाही. आपला लाडका उपाय म्हणजे रात्रीत उगवणारा डांबराचा उंचवटा. त्याला ना रंग असतो ना आधी सूचना, आणि त्याचा खरा मार बसतो रिक्षातल्या गरोदर बाईला आणि दुचाकीवर मागे बसलेल्या आजोबांच्या मणक्याला.

हे सगळं युरोपच्या रक्तातच आहे असा आपला एक समज असतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं होती. तिथली शहरंही तेव्हा मोटारींसाठी चौक पाडत होती आणि कालवे बुजवत होती. ज्याची स्वतःची मुलगी अपघातात गेली होती अशा एका पत्रकाराने ‘मुलांचे खून थांबवा’ या मथळ्याखाली लिहिलं आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. पालक मुलांना घेऊन रस्त्यात बसले, गल्ल्या अडवून तिथे खेळ मांडले. तोपर्यंत डेल्फ्ट शहरात एक प्रयोग सुरू झालेला होता: घरांमधल्या गल्लीत फूटपाथ आणि रस्ता असा भेदच ठेवायचा नाही, झाडं आणि बाक अशा बेताने मांडायचे की गाडीला माणसाच्या चालीनेच जावं लागेल. १९७६ मध्ये अशा गल्ल्यांना कायद्यात जागा मिळाली. आज आपण ज्या सायकलींचे फोटो कौतुकाने एकमेकांना पाठवतो, त्या पन्नास वर्षांच्या भांडणातून आलेल्या आहेत.

आता जरा आपल्याच फूटपाथवरून चालून पाहू, आणि बारकाईने. कोथरूड घ्या, सिंहगड रस्ता घ्या, हडपसर घ्या. सोसायटीच्या फाटकापासून निघालं की वीस पावलांवर पुढच्या सोसायटीचं फाटक येतं. तिथे फूटपाथ संपतो आणि गाड्यांसाठी उतार लागतो. पलीकडे परत चढायचं, पुन्हा वीस पावलं, पुन्हा उतरायचं. गुडघे दुखणारा माणूस दुसऱ्या चढाला कंटाळतो आणि सरळ रस्त्यावरून चालू लागतो. मग आपण म्हणतो, फूटपाथ असून लोक वापरत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या संहितेप्रमाणे फूटपाथची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी, चालायला निर्वेध १.८ मीटर रुंदी असावी आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत काही आडवं येऊ नये. फाटकासमोर फूटपाथ तुटू नये. गाडीने चढून त्याच्यावरून जावं, माणसाने उतरू नये. प्रत्यक्षात गाड्या वर चढू नयेत म्हणून आपण उंची फूटभर ठेवतो. व्हीलचेअरसाठी उताराचं प्रमाण एकास बारा लागतं. उंची १५ सेंटिमीटर असेल तर उताराला १.८ मीटर पुरतात. फूटभर उंचीला साडेतीन मीटरहून जास्त लागतात. तेवढी जागा नसते, म्हणून मग घसरगुंडीसारखा एक चौथरा ओतला जातो आणि कागदोपत्री ‘रॅम्प’ची नोंद होते.

पिवळ्या खडबडीत फरशांची गंमत याहून वाईट आहे. जपानच्या सेइइची मियाके यांनी त्या तयार केल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा इथे अंधशाळेजवळच्या चौकात त्या पहिल्यांदा बसल्या. उभ्या रेघांची फरशी म्हणजे सरळ चला, ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे काही आहे. ही भाषा आहे, आणि अंध व्यक्ती ती पायाने आणि काठीने वाचते. आपल्या गवंड्याला ती कोणी शिकवलेली नसते, त्यामुळे त्याच्या लेखी ती शोभेची पट्टी. म्हणून ती झाडाच्या बुंध्यावर जाऊन आपटते, चेंबरच्या झाकणापाशी तुटते आणि पलीकडे हातभर सरकून पुन्हा सुरू होते. कधी थेट डीपीच्या दारात नेऊन सोडते. चुकीची पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यावर विश्वास ठेवलेला असतो.

दुचाकी चढू नये म्हणून लावलेल्या बोलार्डच्या खांबांचं कोडं तर सुटण्यासारखंच नाही. हँडलपाशी मोजली तर स्कूटरची रुंदी आणि व्हीलचेअरची रुंदी जवळपास सारखीच भरते. स्कूटर अडेल एवढी फट ठेवली की व्हीलचेअर अडते, व्हीलचेअर जाईल एवढी ठेवली की स्कूटर जाते. तेव्हा खांब ठोकून पोलिसांचं काम होत नाही, ते पोलिसांनीच करायचं.

हा अपंगांपुरता मर्यादित प्रश्न नाही. अमेरिकेत बर्कलेमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अपंग विद्यार्थ्यांच्या रेट्यामुळे फूटपाथच्या कडा उतरत्या झाल्या, आणि बाबागाड्या ढकलणारे, चाकाच्या बॅगा ओढणारे, सामान पोचवणारे सगळेच त्यांवरून जाऊ लागले. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं ४१ वं कलम वाहतूक साधनांबरोबर रस्तेही सुगम करायला सांगतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात स्पष्ट केलं की सुगमतेचे किमान निकष ऐच्छिक शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असलेच पाहिजेत. मे २०२५ मध्ये याच न्यायालयाने अडथळामुक्त आणि दिव्यांगांना वापरता येईल असा पदपथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं म्हटलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८ अ हे कलमही आलं आहे: रस्त्याच्या आखणीत, बांधणीत किंवा देखभालीत ठरलेले सुरक्षा निकष पाळले नाहीत आणि त्यातून मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणा, सल्लागार किंवा ठेकेदाराला दंड. कमाल किती, तर एक लाख रुपये. एखाद्या मोठ्या रस्त्याच्या टेंडरमध्ये ही रक्कम शोधावी लागेल.

पुण्याचं उदाहरण मी वारंवार घेतो ते उगीच नाही. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्तेआखणीची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली, पुढच्या वर्षी सायकल आराखडा आला. त्याआधी २०१४ मध्ये चेन्नईने वाहतुकीच्या खर्चातला ६० टक्के वाटा चालणं आणि सायकलीसाठी ठेवायचं धोरण केलं होतं. पुण्यात तत्त्वं कागदावरून उतरली ती जंगली महाराज रस्त्यावर. हा रस्ता सत्तरच्या दशकात दहा वर्षांच्या हमीसह बांधला गेला आणि वर्षानुवर्षं त्याला खड्डा पडला नाही, ही कथा प्रत्येक पुणेकर पाहुण्याला ऐकवतो. ती डांबराची कथा, म्हणजे गाड्यांची. नव्या आखणीत तिथे फूटपाथ रुंद झाले, झाडं बुंध्यापाशी मोकळी राहिली, मध्ये बसायला जागा आणि मुलांना खेळायला खेळणी आली. संध्याकाळी म्हातारी माणसं तिथे बसलेली दिसू लागली, आणि रस्त्यावर म्हातारी माणसं निवांत बसलेली असणं ही माझ्या दृष्टीने आखणीची सर्वांत भरवशाची परीक्षा आहे. तेव्हा टीका झाली की रस्ता अरुंद केला, पार्किंग खाल्लं, हे चोचले आहेत. पण याच शहरात २०१८ मध्ये वाहनांची संख्या ३६ लाखांवर जाऊन लोकसंख्येच्या पुढे गेल्याची बातमी आली होती. एवढ्या गाड्यांना पुरेल असं पार्किंग सगळं शहर पाडूनही होणार नाही.

टीका करण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. असे रस्ते बेटांसारखे राहिले. फूटपाथची किंमत त्याच्या सलगपणात असते. घरापासून बसथांब्यापर्यंतच्या वाटेत एक पन्नास मीटरचा तुकडा नसला तरी व्हीलचेअरवरच्या माणसासाठी सगळी वाट बंद. सायकल मार्गांचं हेच झालं, ते जागोजागी सुरू होतात आणि न सांगता संपतात. बीआरटीचं, म्हणजे बससाठी राखीव मार्गिकांचंही तेच. २००६ मध्ये देशातला पहिला प्रयोग पुण्याने केला, आणि नगर रस्त्यावरची मार्गिका अलीकडे उखडून टाकली. बस, फूटपाथ आणि ओलांडणं या एकाच वाटेच्या तीन पायऱ्या आहेत, हे न धरता एकेक सुटं काम केलं की ते असंच नासतं. ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर गाड्या बंद ठेवून पादचारी दिन साजरा होतो, २०२१ पासून. चांगलाच उपक्रम आहे. उरलेल्या ३६४ दिवसांचं काय, हे मात्र कोणी विचारलं तर राग मानू नये.

रस्ता ओलांडणं हा वेगळाच छळ आहे. सहा पदरी रस्ता डिव्हायडर धरून २४ मीटरचा असेल आणि सिग्नलचा वेळ सेकंदाला १.२ मीटर चाल धरून काढला, तर तो वीस सेकंद येतो. सत्तरीतल्या माणसाची चाल सेकंदाला ०.८ मीटर असू शकते. त्याला तीस लागतात. दहा सेकंदांचा फरक, आणि तेवढ्यात समोरच्या गाड्यांचा कर्णा सुरू झालेला असतो. मधे उभं राहायला दोन मीटरची सुरक्षित जागा दिली तर हा फरक भरून निघतो. त्याऐवजी आपण माणसाला जमिनीवरून उचलून वर पाठवतो. मुंबईत २००८ मध्ये वांद्र्यात पहिला स्कायवॉक झाला आणि पाठोपाठ महानगर प्रदेशात तीसहून अधिक. त्यांतले स्टेशनला जोडलेले काही चालले, बरेचसे ओस पडले. खालून वीस मीटरमध्ये जाता येत असताना जिना चढून, फिरून, उतरून कोण जाईल? पादचारी पूल आणि भुयारी मार्ग माणसांसाठी बांधतात असं सांगितलं जातं. खरं तर ते खालची वाहतूक अडू नये म्हणून बांधलेले असतात.

फूटपाथचा विषय निघाला की सगळा दोष पथारीवाल्यांवर टाकून मोकळं व्हायची सवय आहे. अतिक्रमण आहेच. पण २०१४ च्या कायद्याने त्यांच्यासाठी जागा आखून द्यायची आणि नगर पथविक्रेता समितीमार्फत व्यवस्था लावायची जबाबदारी पालिकेवर टाकलेली आहे. रुंद फूटपाथवर कडेच्या पट्ट्यात भाजीवाली सहज मावते. रात्री नऊला एखाद्या मुलीला चालायला जो फूटपाथ सुरक्षित वाटतो, त्यावर बहुधा भुर्जीची गाडी उभी असते. तिथे माणसं असतात, उजेड असतो. दिव्यांचे खांब आपण डिव्हायडरवर लावतो, त्यांचा झोत गाड्यांवर पडतो आणि फूटपाथ झाडांच्या सावलीत अंधारात राहतो. बायकांसाठी रस्ता सुरक्षित करायच्या गप्पा मारण्यापूर्वी दिव्याचं तोंड फिरवलं तरी बरंच होईल. त्यासोबत वाटेत चालू स्थितीतलं स्वच्छतागृह.

उरला प्रश्न देखभालीचा, जो अभियंत्यांना सर्वांत जास्त छळतो. फूटपाथखाली पाणी, ड्रेनेज, वीज, गॅस आणि इंटरनेटच्या वाहिन्या असतात. दर महिन्याला कोणी ना कोणी येऊन पेव्हर ब्लॉक उचकटतो आणि ते परत बसवताना दोन-चार कमी पडतात. बंगळूरमध्ये टेंडरशुअर योजनेतल्या रस्त्यांखाली या वाहिन्यांसाठी आधीच नळ्या टाकून ठेवल्या, म्हणजे खोदाईची वेळच कमी यावी. खर्च सुरुवातीला वाढतो, यात शंका नाही. पण दर दोन वर्षांनी तोच फूटपाथ नव्याने बांधण्याचा हिशेब कोणी मांडत नाही, कारण तो वेगवेगळ्या वर्षांच्या अंदाजपत्रकांत विखुरलेला असतो.

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून छोट्या कामांच्या सूचना मागवल्या जातात, २००६ पासून. त्या अर्जात बहुतेक लोक बाक, कमान किंवा गल्लीचं काँक्रिटीकरण मागतात. यंदा तो अर्ज भरणार असाल तर एवढंच मागा: तुमच्या प्रभागातल्या शाळेच्या दारापासून जवळच्या बसथांब्यापर्यंत १५ सेंटिमीटर उंचीचा, कुठेही न तुटणारा, १.८ मीटर मोकळा फूटपाथ. आणि काम झाल्यावर शेजारच्या आजींना सोबत घेऊन तो चालून बघा.